इतिवृत्त

मार्लडेन गावसभा. मंगळवार, सव्वीस फेब्रुवारी.
हजर एकसष्ट. एरवी सात येतात,
त्यातले दोन हीटरसाठी.

विषय एक : करार न होताच एकोणतीस मार्च उजाडला
आणि डोव्हरची वाट तुंबली,
तर चर्चमागच्या कुरणात दोनशे ट्रक
उभे करू द्यायचे का.
विषय दोन : किटली.

मी कारकून. कोण काय म्हणालं ते लिहिते,
कसं म्हणालं ते नाही.

क्लाइव्ह पेटमन म्हणाले, एक घाव दोन तुकडे.
पावणेतीन वर्षं बूट घालून दारात उभे आहोत,
निघा तरी, नाहीतर बूट काढा.
टाळ्या, उजव्या बाजूच्या.
लोक आपणहूनच तसे बसले होते,
लग्नात नवऱ्याकडचे इकडे, नवरीकडचे तिकडे, तसे.

लॉर्ना हॉगबेननं पर्समधून इन्सुलिनची कुपी काढली,
टेबलावर ठेवली.
ही समुद्रापलीकडून येते. माझा फिन नऊ वर्षांचा आहे.
फ्रिजमध्ये सहा आठवड्यांचं आहे,
पुढचं तुम्ही सांगा.
मागून कुणीतरी : भीती घालू नका!
लॉर्ना : घालत नाहीये. वाटतेय.

सफरचंदवाला गोल्डअप उठला, बसला, परत उठला.
मत त्यानंही बाहेर पडायलाच दिलं होतं, पण असं नव्हे,
जिन्यानं उतरू म्हटलं होतं,
खिडकीतून उडी कुणी ठरवली?
पेटमन : खिडकी तळमजल्यावर आहे.
गोल्डअप : मग मार तू आधी.

अध्यक्षांनी चमचा कपावर वाजवला.
कपाचा कान तुटला.

मग ओदील फेअरब्रास. एकतीस वर्षं इथे,
पण तिचा 'र' अजून कॅलेचाच.
उठली नाही, बसूनच बोलली.
मी इथेच राहते याचा पुरावा सरकारला हवाय.
माझ्याकडे विजेची बिलं आहेत,
आणि क्लाइव्हच्या बायकोच्या शेवटच्या सात महिन्यांचं
औषधांचं वेळापत्रक, माझ्या अक्षरात.
यातलं काय चालेल?

इथे वहीत एक ओळ कोरी आहे.

मग सगळे एकदम.
मासे, कायदे, कुणाचे तरी आजोबा.
युद्ध दोनदा जिंकून झालं,
टोमॅटो तीनदा महागले,
'देशद्रोही' हा शब्द एकदा, हळू,
पण एवढ्याशा खोलीत हळू असं काही नसतं.
माझी बहीण डावीकडे, माझा नवरा उजवीकडे,
मी मधल्या वाटेत टेबल टाकून.
दोघंही अधूनमधून माझ्या पेनाकडे बघत होते,
जसं काही तेच कुठे तरी झुकणार होतं.

विषय एक : निर्णय नाही.
पुढच्या सभेपर्यंत तहकूब.
पुढची सभा दोन एप्रिलला.
मी तारीख मोठ्यानं वाचली. कुणीच हसलं नाही.
विषय दोन : नवी किटली, तीस पौंडांपर्यंत. बिनविरोध.

खुर्च्या मात्र दोन्ही बाजूंनी मिळून रचल्या,
बोलणं नाही, नुसतं लोखंडावर लोखंड.
लॉर्ना कुपी विसरून निघाली होती,
पेटमनचा धाकटा धावत जाऊन देऊन आला.

दिवे मालवताना खिडकीतून दिसलं ते असं :
ओदीलच्या घराच्या वाटेवर खांब नाहीत,
म्हणून दर सभेनंतर क्लाइव्ह तिला पोचवतो.
आज तो दहा पावलं पुढे चालत होता,
मान ताठ, एकदाही न वळता,
फक्त टॉर्च धरलेला हात मागे,
उजेड तिच्या पायांपुढे.
स्वतः अंधारात ठेचकाळत.

कुलूप जुनं आहे.
किल्ली थोडी वर उचलून फिरवावी लागते,
नाहीतर लागल्यासारखं वाटतं, लागत नाही.
महामार्गावर ट्रक अजून चालू होते,
एकामागून एक, बंदराकडे.
मी थोडा वेळ मोजले.
मग थंडी वाजायला लागली.