थंडी नावाची वस्तू

सोवनी मॅडमचा फोन, सकाळी सव्वासातला:
"दस्तगीर, फ्रीज थंडी करत नाहीये."
जानेवारी. आठ डिग्रीचं पुणं.
नाना पेठेत शटर अर्धं उचलून मी उभा,
बोटं पान्याला चिकटलेली.
मनात म्हटलं, मॅडम,
थंडी कुठलाच फ्रीज करत नाही.
तुम्हीच शिकवलं होतं, नववी ब, शेवटचा तास.

लक्षात मात्र राहिलं ते जोसेफ मिस्त्रीमुळं.
त्यांनी माझा हात धरून
फ्रीजच्या मागच्या नळ्यांवर ठेवला होता.
हात मागं घेतला मी.
"आतली गरमी आहे ही," म्हणाले,
"आपण हमाल, पोरा.
इथली उचलायची, तिथं टाकायची.
थंडी नावाची वस्तू बाजारात मिळत नाही."

स्वारगेट ओलांडून सहकारनगर,
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
फ्रीज भिंतीपासून ओढला
तर मागं, कॉम्प्रेसरच्या फळीवर,
मांजर.
पिवळी, लठ्ठ, एक कान फाटका. नाव बुंदी.
तिनं मला बघून जांभई दिली, एवढंच.
नळ्यांमध्ये तिचे केस,
तीन हिवाळ्यांचे,
घोंगडीसारखे दाबून बसलेले.

"गॅस गेला का?"
"गॅस आहे. वाट बुजलीये."

मग मी फरशीवर, मॅडम खुर्चीत,
आणि तास उलटा सुरू झाला.
म्हटलं, बघा,
तुमची कालची शेपूची भाजी, दुधाचं पातेलं,
वाटीतलं वरण,
यांच्या अंगातली ऊब नळीतून मागं येते,
ती हिच्या पोटाला लागते,
ही सुखावते, लोळते, केस सोडते,
केस पुढच्या उबेला अडवतात,
आणि दूध नासतं.

"म्हणजे माझ्या शेपूवर झोपते ही!"
इतक्या हसल्या
की चष्मा काढून पुसावा लागला.

पुसतापुसता मास्तरीण जागी झाली.
"ही ऊब उलटी ढकलतं कोण?"
"वीज."
"वीज कुठून येते?"
"मीटरमधून."
"नापास."
मग त्यांनी बोटानं हवेत धरण काढलं,
कोयनेचं म्हणाल्या, समज.
पाणी नुसतं उंचावर थांबलंय, तीही शक्तीच.
पडलं की वेग.
वेगानं चाक, चाकानं वीज,
विजेनं तुझ्या त्या डब्याची घरघर,
आणि घरघर शेवटी
ऊब.
"सगळ्याचं शेवटी तेच होतं, दस्तगीर.
पसरून जाते. मग तिचा कुणाला
काही उपयोग नाही."
खिडकीकडे बघत होत्या.
"मांजर सोडून," मी म्हटलं.

ब्रश मारला. एक पिशवीभर केस निघाले,
दुसरं मांजर होईल इतके.
"मागं जाळी ठोकून देऊ? शिरणार नाही."
"नको. तू दरवर्षी ये आणि विंचर."
कुणाला विंचरायचं, ते विचारलं नाही.

चहा स्टीलच्या पेल्यात.
पेला तापलेला, बोटं गारठलेली,
दोघांचं जमेपर्यंत धरून बसलो.
जास्तीकडून कमीकडे,
उबेला हे कुणी सांगावं लागत नाही.
पैशाला सांगावं लागतं.
साडेतीनशे म्हटलं,
पाचशेची नोट पुढं आली.
सुटे आहेत, म्हटलं.
"असू देत," म्हणाल्या, "तुझ्याकडेच."

फ्रीज भिंतीला लावला. घरघर सुरू झाली.
चपला घालताना वाकून बघितलं,
बुंदी परत फळीवर.
नळ्या अजून गारच होत्या.
डोळे मिटून, पंजे पोटाखाली घेऊन
ती वाट बघत होती
शेपू निवायची.