घट, दोघांची

कुबलसर लक्झेंबर्गला तीन हिवाळे राहिले,
एवढंच गावाला ठाऊक.
आणि तिथला ओव्हरकोट, कोकणात घालायचा कधी,
म्हणून जन्मभर खुंटीला.

मी सोसायटीचा कारकून, मला जरा जास्त सांगितलं:
कोळशाचे आकडे होते माझ्याकडे, गिरकर.
कुठल्या खाणीतून किती टन, कुठल्या भट्टीला,
वाटेत किती सांडला.
सह्या मोठ्यांनी केल्या, झेंडे मागाहून आले,
मी रकाने आखले.
सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांच्या उरावर बसलेली दोन राष्ट्रं
आता एकाच वहीत भांडत होती.
वहीत भांडलेलं बरं.

इथं विजयदुर्गची खाडी. मधोमध जिल्ह्याची हद्द,
भरतीला दिसत नाही, ओहोटीलाही नाही.
अलीकडे आम्ही गाबीत, पलीकडे होडेकरांचे दालदी,
आणि कुणी कुणाची जाळी कधी कापली
त्या तारखा दोन्हीकडे पोरासोरांना पाठ.

सर म्हणाले, तोफ ओतायला पोलाद लागतं,
आणि रात्री दुसऱ्याची जाळी कापायला जायचं तर डिझेल.
म्हणून बर्फाचा कारखाना त्यांच्या काठावर,
पंप आमच्या,
वही एक.

सभा साडेतीन तास चालली. चहा दोनदा.
शेवटी मासळीवाली भागी टिकम उठली:
"सगळा बरा, सर. पण होडयेत वितळलेलो बरफ
तेंचो, की आमचो?"
लोक हसले. सरांनी चष्मा काढून पुसला.
म्हणाले, तिकडे हे विचारायला
आम्हांला दोन वर्षं लागली.
मग माझ्या वहीत शेवटचा रकाना आखला
आणि स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
घट, दोघांची.

जाळी त्यानंतरही कापली गेली, दोनदा.
वही कुणी फाडली नाही.

सर गेले ते मासेमारी बंदीच्या दिवसांत.
होड्या ओढून झावळ्यांखाली, लेक नागपुरात,
पोचायला उद्याची दुपार.
बंद कारखान्यात चार लाद्या शिल्लक होत्या.
यासीन होडेकरनं त्या भर उधाणात खाडीपार आणल्या.
उतरवून घेतल्या, सरांभोवती रचल्या,
आणि वर काय टाकावं म्हणून
मी खुंटीकडे गेलो.

रात्री दिव्यापाशी वही उघडली.
निघाल्या चार. पोचल्या सव्वातीन.
पाऊण लादी कुठं लिहायची
ते ठरलेलंच होतं.
पावती कुणी मागितली नव्हती.
तरी फाडली. सर रागावले असते.