पुढची करवत

जिगसॉ आहे. हातातली गोल करवत आहे,
तिच्या वायरीला तीन ठिकाणी काळी चिकटपट्टी.
आता पुढची कुठली?
तीन महिने हा प्रश्न
आमच्या दोघांत तिसरं ताट मांडून जेवायला बसतोय.

लक्ष्मीपुरीतला दुकानदार टेबल सॉची माहिती
सांगतो मला, आणि बघतो ह्यांच्याकडे.
हे कोथिंबिरीची पिशवी सांभाळत उभे.
'दोन हॉर्सपॉवर, दहा इंची पातं,
लोण्यासारखं कापतंय बघा, साहेब.'
लोणी कशाला कापायचंय मला?
माझ्याकडे फणस आहे, आजऱ्याकडचा,
चार वर्षं माळ्यावर वाळलेला,
आतून पिवळा, हळद लागल्यागत.
त्याच्या पोटातून पातळ फळ्या काढायच्यात.

घरी येऊन फरशीवर खडूनं टेबल सॉ काढली,
पुऱ्या मापाची.
फुलेवाडीतली दहा बाय आठची खोली,
पूर्वी इथं स्कूटर राहायची.
सहा फुटी फळी चिरायची तर
निम्मी माझी,
निम्मी खिडकीतून मगदूमकाकूंच्या कढीपत्त्यात.
दोन दिवस खडूच्या करवतीला वळसा घालून वावरले.
तिसऱ्या दिवशी ह्यांनी तिच्यावर ओले पाय पुसले.
चुकून, म्हणाले.

मग सिद्रामआप्पांकडे गेले.
शिरोलीच्या फाउंड्रीत पस्तीस वर्षं
लाकडाचे पॅटर्न केले त्यांनी,
पंपाचे, गिअरबॉक्सचे.
रेतीत दाबायचे, काढून घ्यायचे,
मागं उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं दुसऱ्यांनी.
डावी तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपते.
'कुठल्या करवतीनं, आप्पा?'
'टेबलच्या. बँड सॉ बरी, पोरी.
ती लाकूड खाली दाबती, अंगावर फेकत न्हाई.
पर बोट दोघींनाबी चालतंय.
काम धरताना बोटं मोजायची,
सोडताना परत.'
मी बँकेत रोखपाल. मोजणं काय शिकवायला नको मला.

त्यांचीच बँड सॉ होती कारखान्याच्या कोपऱ्यात,
वर टाकलेलं पोतं, पोत्यावर मांजर.
पॅटर्न आता मशीन करतंय, पडद्यावरचं चित्र बघून.
किलोवर दिली, भंगाराच्या भावानं.
काट्यावर चढवली तेव्हा आप्पा
पाठ फिरवून कुणाला तरी चहा सांगत होते.
थ्री फेजची मोटर उद्यमनगरात बदलली,
चाकांवरचं रबर बदललं, बेअरिंग बदलले.
'मग जुनं काय राहिलं तिच्यात?' हे म्हणाले.
वजन, म्हटलं.

छोटा हत्ती दारात. चौघांनी उतरवली.
आणि चौकट अडली, दोन इंचांनी.
ही चौकट माझी. पहिलीवहिली.
वरचा डावा कोपरा कधी जुळलाच नाही,
लांबी भरून रंगाखाली झाकलेला.
अकरा वर्षं येईल त्या पाहुण्याला दाखवलीय.
'ताई, खोळंबा झाला तर भाडं वाढतंय,'
टेम्पोवाला म्हणाला.
हे काही बोलले नाहीत. आत गेले
आणि खिळ्यावरची जुनी हातकरवत घेऊन आले,
मुठीकडून पुढं धरून.

मीच कापली. उजवी बाजू सहज,
डावीकडं लांबीत दात अडकले.
कोपरा सुटला तशी ती फट दिसली,
अंगठा जाईल एवढी,
आणि तिच्यात मुंग्यांचं एक सुखी घराणं.

रात्री वायर लावली.
पातं वरून खाली, वरून खाली,
फणस नाक मुरडल्यासारखा कुरकुरला, मग वाट दिली त्यानं.
पिवळा भुसा पायांवर, ऊन ऊन.
पहिली फळी एका टोकाला पत्र्यासारखी,
दुसऱ्या टोकाला पाटासारखी.

दाराच्या जागी नुसतं भोक.
त्यातून मगदूमकाकू डोकावल्या, हातात टॉर्च,
'काय आणलंयसा गं एवढं?'
मोटर बंद केली.
भुशानं माखलेले दोन्ही पंजे
उजेडात उघडून धरले.