हातचा एक

यंत्र म्हणतं, तारीख चुकीची आहे.
मी पुन्हा टाइप करते: तीस, दोन, सतराशे बारा.
लाल चौकट. पुन्हा तेच.

बाहेर उणे बारा. गावच्या जुन्या शाळेत
एकच हीटर चालतो, खिडकीखालचा,
म्हणून टेबल तिकडे ओढलंय,
आणि हातमोजे असे, की बोटांची टोकं उघडी.

चर्चच्या वहीत मात्र स्वच्छ लिहिलंय.
शाई तपकिरी झाली, पण पाद्र्याचा हात कुठे अडखळलेला नाही:
योन्स ओलोफसनच्या घरी मुलगी. नाव मेरेत.
फेब्रुवारीची तीस.

झालं होतं असं, की दरबारानं ठरवलं,
कॅलेंडर हळूहळू नव्या मापाला आणायचं.
सतराशे साली लीपचा दिवस गाळला.
मग लढाया लागल्या,
आणि पुढचे गाळायचे राहूनच गेले.
बारा वर्षं स्वीडन तिरकं चाललं,
नॉर्वेच्या दहा दिवस मागे, रशियाच्या एक दिवस पुढे,
कुणाशीच न जुळणारं.
शेवटी कंटाळून म्हणाले, द्या तो हातचा एक परत.
द्यायचा कुणाला?
बारा भावंडांत जो खुजा,
ज्याच्या ताटातलं आजवर सगळ्यांनी उचललं, त्याला.

तर एक दिवस असा उगवला
जो आधी नव्हता, नंतर नाही.
त्या दिवशीही गोठ्यात शेण काढावं लागलंच असेल,
विहिरीवरचा बर्फ फोडावा लागला असेल,
आणि योन्सच्या बायकोला कळा सुरू झाल्या,
कळांना कुठलं कॅलेंडर.

आमच्याकडे फेब्रुवारीच्या दोन तारखेला
म्हातारी माणसं चारा मोजायची.
निम्मा उरला तर हिवाळा निभला.
माझे वडील जन्मभर ट्रक चालवत, गाय कधी पाळली नाही,
तरी त्या संध्याकाळी कंदील घेऊन
मागच्या शेडमध्ये लाकडं मोजायला जात,
आणि परत येऊन आईला फक्त मान हलवून सांगत.
कधी हो. कधी नाही.

एकोणतीसला जन्मलेल्यांची शाळेत थट्टा होते,
चार वर्षांतून एकदा केक.
मेरेतला तेवढंही नाही.

पानं उलटत जाते. सतराशे त्रेपन्न, पुन्हा फेब्रुवारीच.
लोक सतरा तारखेला झोपले
आणि उठले ते एक मार्चला.
अकरा दिवस एका रात्रीत नेले, या वेळी एकदम,
कुणाची मजुरी, कुणाचं व्याज, सगळ्यासकट.
वही आता दुसऱ्या पाद्र्याची, अक्षर किरटं.
समासात बारीक लिहिलंय:
योन्सची मेरेत, विधवा, वय एक्केचाळीस,
प्रार्थनेनंतर दाराशी थांबली.
म्हणाली, एवढे अकरा जमा झालेत,
त्यातला एक मला मिळेल का?
उत्तर लिहिलेलं नाही.

ओस्टरसुंडहून टोरबर्नचा फोन.
एक मार्च टाक, म्हणतो, सगळे तेच करतात,
नाहीतर यादी पुढे सरकत नाही.
मी टाकते. चौकट हिरवी होते, आज्ञाधारक.

डब्यात कालचा सेम्ला आहे,
बदामाचं सारण, वर साय, पाव जरा वाळलाय.
खाता खाता बघते,
ऊन डोंगराच्या खांद्यावरून उतरलं,
या वर्षी पहिल्यांदाच टेबलापर्यंत पोचलं,
वहीच्या कडेवर बोटभर.
बाहेर उणे बारा, तरी छपराच्या दक्षिणेकडून
एक थेंब सुटला. मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

हात पुसते. एक मार्च खोडते.
तारखेचा रकाना रिकामा ठेवून
शेऱ्यात लिहिते:
दिवस होता. मुलगी झाली.

टोरबर्न उद्या पुन्हा फोन करील.
करू दे.