मुंडी, आठ नग

दवाबाजारात सहा दुकानं झाली.
सातव्यानं हातातला ब्रश उलटासुलटा केला
आणि म्हणाला, भिया, ये मॉडल तो बंद हो गया,
नया ले लो, ऑफर में है.

नवा नकोय.
दांडा धडधाकट आहे. रात्री चार्जरवर उभा केला
की सकाळी मांजरासारखा गुरगुरतो.
फक्त डोकं बदलायचंय.
हे मी इतक्यांदा, इतक्या ठिकाणी सांगितलं
की एका काउंटरवरची मुलगी
माझ्याच टकलाकडे बघून हसली.

आमच्या घरी ब्रशला पेन्शन नसे.
दातांवरून उतरला की केसांच्या रंगाला,
मग नळाच्या फटींना, मिक्सरच्या बुडाला,
आणि शेवटी दांड्याच्या भोकात नाडी अडकवून
लेंग्यात ओवायला.
ही मुंडी निवृत्तीनंतर कुठल्याच कामाची नाही.
तुमच्यासारखी, असं कुमुद म्हणते.

डॉक्टर पटव्यांच्या चिठ्ठीवर
तो औषधांच्या खाली होता, पाचव्या नंबरला.
वरचे चारही हाताच्या कंपासाठी.
चहा ती आता अर्धा पेलाच घेते.
बँकेत तिची सही तिच्याशी जुळत नाही.
मराठी शाळेत रेघ न आखता
फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
सरळ लिहायची ही बाई.

पण सकाळी ती बटण दाबते
आणि दोन मिनिटं
हात थरथरतोय की ब्रश,
कळत नाही.
मी टॉवेल घेऊन बेसिनपाशी उभा असतो,
अगदी जवळ, तरी कळत नाही.
दर तीस सेकंदांनी तो क्षणभर अडखळतो,
बाजू बदला, असं सांगायला.
तेवढ्यात हात दिसतो.
मी टॉवेलची घडी पुन्हा घालतो.

मिळाली शेवटी जेलरोडवर,
मोबाइलच्या कव्हरांच्या बोळात,
बुरहान नावाच्या पोराकडे.
स्टुलावर चढून त्यानं धुळीतून पाकीट काढलं,
शर्टाला पुसलं.
एका पाकिटात चार मुंड्या,
चौघींच्या गळ्यात चार रंगांची कडी.
कंपनीनं घरात चार माणसं धरलीयत.
तीन महिने एक, म्हणजे पाकीट वर्षभर.
काकाजी, एक दूँ के दो?

साधा प्रश्न.
मी चष्मा काढला, पुसला, लावला.
दोन वर्षांनी कंपनी असेल का,
दांडा असेल का, जेलरोडवर हे दुकान...
एवढीच यादी मी केली.
पुढच्या ओळीपाशी आलो आणि म्हणालो,
दो.

त्याच्या वडिलांनी गल्ल्यावरून न उठता बिल फाडलं:
ब्रश की मुंडी, आठ नग.
कुमुदनं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.
मग फ्रिजवर लावलं, विजेच्या बिलाच्या शेजारी.
रंग कुठला, विचारलं तर म्हणाली, पिवळं.
निळं तुम्हाला देऊन टाकलं असतं,
पण तुम्ही बोटानं दंतमंजन लावणारे.

आज सकाळी कचऱ्याची गाडी आली.
इंदूरचा कचरा, त्याला शिस्त आहे:
ओला, सुका, प्लास्टिक, आणि काय काय.
जुनी मुंडी घेऊन ती स्वतः खाली गेली,
मला म्हणाली, तुम्ही चुकीच्या डब्यात टाकाल.
मी गॅलरीतून बघत होतो.
प्लास्टिक की इलेक्ट्रिक, यावर तिनं
गाडीवरच्या पोराचा तास घेतला.
मागे दोन बादल्या ताटकळल्या.
पोरानं तळवा पुढे केला, मग मागे घेतला,
तिच्या बोटांत हलणाऱ्या मुंडीकडे बघत म्हणाला,
आँटी, पहले बंद तो करो,
ये तो अभी चालू है!

कुमुद हसायला लागली.
गाडी पुढच्या फाटकापाशी गेली तरी
ती रस्त्यातच उभी,
हसतेय, हसतेय,
आणि मुंडी अजून तिच्याच हातात.