उसना दिवस

स्किप्टनच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
चौदा खुर्च्या, किटलीत चहा.
फळ्यावर त्यांनी भांडवलशाही लिहिलं, समाजवाद लिहिलं,
दोन्ही खोडलं
आणि माझ्याकडे वळून म्हणाले,
तुमच्या डोंगरात म्हणे तिसरंच काही होतं.

मी सांगितली पडकई.
वैशाखात पाच-सहा घरं मिळून
उतारावर एकेकाचं खाचर बांधायची.
आज ठकीचं, उद्या आमचं.
मजुरी नाही. ज्याच्या बांधावर काम, त्याची भाकर.
दिवसाला दिवस फेडायचा,
धट्ट्याकट्ट्याचा असो की म्हाताऱ्याचा,
दिवस म्हणजे दिवस.

हिशेब कोण ठेवतं?
कुणी नाही. सगळ्यांना माहीत असतं.
आणि ज्याला जमीनच नाही, तो?
तोही यायचा...
मी चहाचा घोट घेतला. गार झाला होता.
आणि कुणी फेडलंच नाही तर?

असं होत नाही, म्हणणार होते.
पण ठकी भालचिमचे माझ्यावर अडीच दिवस आहेत,
नर्सिंगला निघाले त्या उन्हाळ्यातले.
आमचा वरचा बांध ती रचत होती
आणि मी एसटीत बसले.
पुढं कधीतरी पैसे पाठवले.
तिनं भावाच्या हाती परत धाडले:
पैशाचं काय करू, दिवस दे.
ठकी गेली परवाच्या माघात.
कुठल्या बँकेत भरू आता हे अडीच दिवस?

हे मी तिथं बोलले नाही.
म्हटलं, माणूस लाजेनं फेडतो.
त्यांनी ‘लाज’ लिहून घेतलं,
खाली रेघ मारली.

शनिवारी एल्सी थॉर्नबरची भिंत ढासळली,
मेंढ्या रस्त्यावर.
चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड.
हातांना ओळख पटायला वेळ लागला नाही.
उचललेला दगड परत खाली टाकायचा नाही,
ती म्हणाली, त्याची जागा शोधायची.
मी पोटात चिपा भरत गेले
दिवेलागणीपर्यंत.

तिनं पाकीट काढलं. मी हात मागं घेतला.
चिडलीच ती.
फुकट कुणाचं घ्यायची सवय नाही तिला.
मग तुझं कुंपण पडेल तेव्हा हाक मार, म्हणाली.
एक्याऐंशी वर्षांची बाई.

ठकीचे अडीच दिवस काही कमी झाले नाहीत.
पण या गावात आता
कुणीतरी माझं देणं लागतं.