मधूनच आत आलेला माणूस

दुलुथमध्ये त्या रात्री पारा उणे वीस.
ऑर्वो कांगासच्या घरचा बॉयलर दुपारीच गार पडला,
मेकॅनिक म्हणाला, उद्या सकाळी.
म्हणून तो थेटरात शिरला:
सहा डॉलरांत अडीच तासांची ऊब.
सिनेमा कुठला, हे त्यानं विचारलंही नाही.

पडद्यावर सात जण.
सातही जणांना आपापला भूतकाळ,
तो आधीच्या अकरा भागांत सांगून झालेला.
परक्याच्या वरातीत शिरलेल्या वाटसरूसारखा
ऑर्वो बसला, कोट न काढता.
नवरदेव कोण, करवली कोण, पत्ता नाही.

एक उडत होता.
एकीला भिंतीपलीकडचं ऐकू येई.
एक निळी होती, का ते कुणी सांगेना.
एक अख्खा मिठाचा.
एक शहर कोसळलं.
ऑर्वोनं लाह्यांच्या पुड्यात हात घातला.
दुसरं कोसळलं, पहिल्याहून मोठं.
त्याला बॉयलरचा खर्च आठवला.

शेजारच्या खुर्चीतली पाकू वांग, वय चौदा,
दया येऊन कुजबुजली:
"ती निळी आहे ना, तिचा भाऊ सातव्या भागात—"
"सांगू नकोस," ऑर्वो म्हणाला.
"टगबोटीवर नवा माणूस आला
की आम्ही त्याला कुणाची कुंडली सांगत नव्हतो.
दोर कोण कसा धरतो, तेवढं बघ म्हणायचो."

आणि मग तो स्वतःच दोर बघू लागला.

एक जुनाट व्हॅन. सात जण कोंबलेले.
उडणाऱ्याला गाडी लागते, म्हणून तो पुढे.
मिठाचा माणूस खिडकीपासून लांब, मधोमध,
बाहेर भुरभुर पाऊस.
काच नीट लागत नव्हती.
निळीनं आपलं जाकीट काढून
त्या फटीत खुपसलं,
बोलणं न थांबवता, त्याच्याकडे न बघता.
तोही काही म्हणाला नाही.

एवढंच. अर्धं मिनिटसुद्धा नसेल.
ऑर्वोनं कोट काढून मांडीवर घेतला.

एकतीस वर्षं बंदरात. रीनो आणि मिलान
दोन वर्षं बोलत नव्हते, कारण एक स्टोव्ह;
पण बोट बर्फात अडकली
की एकाचा हात पुढे येण्याआधी
दुसऱ्यानं दोर फेकलेला असायचा.

पुढे धरण फुटलं. फुटणारच होतं,
हे ऑर्वोलाही कळत होतं.
उडणारा उडाला, ऐकणारीनं ऐकलं,
आणि भिंतीच्या भगदाडात
मिठाचा माणूस पाठ लावून बसला.
पाणी आत आलं नाही.
तो मात्र बसल्या जागी कमी होत गेला,
आधी खांदे, मग नाव.
ताटात असतं तोवर
मिठाचा विषय कोण काढतो?

थेटर हळहळलं, पण हातचं राखून.
सगळ्यांना ठाऊक होतं, तो तेराव्या भागात आहे,
पोस्टरवरसुद्धा आहे, बाहेर, तिकीटखिडकीशी.
ऑर्वोनं पोस्टर पाहिलं नव्हतं.
त्या तीनशे खुर्च्यांत
तो खरोखर मेला
तो एकट्या ऑर्वोसाठी.

शेवटी पुन्हा व्हॅन. सहा जण.
मधली जागा रिकामी,
पाय ताणायला कुणी वापरली नाही.
पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं;
काचेच्या फटीतलं जाकीट तसंच.

दिवे लागले. ऑर्वो नाक पुसत म्हणाला,
"तो परत येतो का गं?"
पाकूनं तोंड उघडलं.
मग मिटलं.
लाह्यांचा उरलेला पुडा त्याच्याकडे सरकवला.
तळाशी राहिलं होतं तेच, खारट.

सकाळी मेकॅनिक आला,
सोबत पुतण्या, झोपाळू, सतराएक वर्षांचा.
ऑर्वो तळघराच्या पायरीवर कॉफी घेऊन बसला.
बॉयलरकडे त्याचं लक्ष नव्हतं.
टॉर्च कोण धरतं,
आणि न सांगता कधी हलवतं,
ते बघत होता.